हातातल्या बांगड्या आणि ओठांवरचं नाव

येळवस होऊन गेली की आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये बायकांची एकच धांदल सुरू होते. संक्रांतीच्या साडीवरचा ब्लाउज वेळेत मिळणार का? पिशवीत मापाचा जुना ब्लाउज, अस्तराचं कापड, फॉल असं सगळं कोंबून आपण शिवणवाल्या बाईंच्या दारात उभ्या! ‘बाई, बघा हं, संक्रांतीला पाहिजेच. पहिलं हळदीकुंकू माझ्याच घरी आहे.’ आणि बाई मशीनवरची मान वर न करता म्हणतात, ‘देते की ओ ताई. तुमचं कधी राहिलंय का?’

आमच्या गल्लीतल्या या बाई गेली आठ-नऊ वर्षं आम्हा सगळ्यांचे ब्लाउज शिवतात. हळदीकुंकवाला आम्ही जे नटूनथटून जातो, ते निम्मं त्यांच्या हातचं. पण हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र त्यांच्या घरी कुणाचंच जात नाही. त्यांचे मालक वारले, तेव्हापासून. कुणी ठरवून टाळतं असंही नाही. फक्त बोलावणं करायला निघालं की ते एक दार आपोआप गाळलं जातं. मीही गाळत आले. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नाही, हे आज कबूल करायला हवं.

ते वाटायला लावलं एका सिनेमानं. परवा लातूरला शिकणारी माझी पुतणी सुट्टीला आली होती. दुपारी जेवणं उरकली, भांडी झाली, शेजारच्या दोघी-तिघी तीळ निवडायला येऊन बसल्या. पोरीनं मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, ‘काकू, आज सिरियल नको. एक सिनेमा दाखवते.’ सिनेमाचं नाव होतं ‘सर’.

पहिली दहा मिनिटं आमच्यात चुळबूळच होती. ना गाणं, ना नाच, ना आरडाओरडा. शेजारच्या मावशी तर म्हणाल्या, ‘ही नुसती घर झाडू लाली की बाई! ह्यात काय बघायचं?’ पण अर्ध्या तासानं तिळाचं ताट तसंच राहिलं आणि मावशींचे डोळे टीव्हीवरून हलेनात.

ही रत्ना कोण?

रोहेना गेरा यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. त्यांचा जन्म पुण्याचा. ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही मालिका तुम्हाला आठवत असेल, २००३ साली सुरू झालेली. चष्मा आणि दातांवर तारा असलेल्या त्या साध्या मुलीच्या मालिकेच्या लेखनात त्यांचा हात होता. लहानपणी घरात आपल्याला सांभाळणारी बाई होती, तिच्यावर माया होती, तरी तिची बसायची, जेवायची जागा मात्र वेगळी होती. हे त्यांच्या मनात पुढं कितीतरी वर्षं सलत राहिलं आणि त्यातूनच हा सिनेमा झाला. २०१८ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ या विभागात तो दाखवला गेला आणि तिथं त्याला पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे तो लागायचा होता २०२० च्या मार्चमध्ये, पण कोरोना आडवा आला. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये तो थिएटरात लागला आणि जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मोठा हिरो नाही, मोठी जाहिरात नाही. असे सिनेमे आपल्यापर्यंत उशिराच पोचतात, आणि तेही एखाद्या पोरीच्या मोबाइलमधून!

गोष्ट तशी साधी. रत्ना ही महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली बाई. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मुलगा आजारी होता, ते सासरच्यांनी लपवून ठेवलं. चार महिन्यांत तो गेला. इतक्या लवकर संसार सुरू होऊन संपलाही. आता ती मुंबईत एका श्रीमंत घरात राहून काम करते आणि त्या पगारातून धाकट्या बहिणीचं शिक्षण करते. घराचा मालक अश्विन बांधकाम व्यवसायातल्या बड्या घरचा मुलगा. तोही मोडलेलाच आहे. त्याचं ठरलेलं लग्न ऐनवेळी फिसकटलंय. गावाकडे सुट्टीला गेलेल्या रत्नाला त्यामुळंच अचानक परत बोलावतात आणि सिनेमा सुरू होतो.

आणि इथंच ते दृश्य येतं. गाव सोडून मुंबईकडे निघालेली रत्ना वाटेत बांगड्या काढते आणि हातात भरते. बस्स. एक शब्द नाही, संगीत नाही. पण आम्हा पाचजणींना जे कळायचं ते कळलं. गावात विधवेनं बांगड्या घालायच्या नाहीत. मुंबईत कोण विचारतंय? आपल्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘चोरून घालावं लागतंय की गं माय…’ तेव्हापासून त्या जाग्यावरून उठल्या नाहीत.

दुःख दोघांचं, वागवणं वेगळं

मैत्रिणींनो, मला या सिनेमात सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. एकाच छपराखाली दोन माणसांची मनं मोडलेली आहेत. पण अश्विनचं दुःख सगळ्या घराला माहीत आहे. मित्र त्याची समजूत घालतात, आई-वडील काळजी करतात, त्याला जेवावंसं वाटलं नाही तर ताट झाकून ठेवलं जातं. आणि ते ताट झाकून ठेवणारी जी आहे, तिचं काय? तिचा तर नवराच गेलेला. तिला कुणी विचारत नाही. उलट एके दिवशी तीच त्याला धीर देते. आपली सगळी कर्मकहाणी चार वाक्यांत सांगते, आणि तीही रडगाणं म्हणून नाही. आयुष्य तिथंच थांबत नसतं, एवढं त्याला कळावं म्हणून.

खरं सांगा, आपल्याकडे वेगळं काय असतं? मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं तर ‘जाऊ दे, दुसरी बघू’. मुलीचं मोडलं तर ‘हिच्यातच काहीतरी असणार’. पुरुषाची बायको गेली तर वर्षश्राद्धाच्या आधी स्थळं यायला लागतात. बाईचा नवरा गेला तर तिच्या कपाळाचा, हाताचा, पायातल्या जोडव्यांचा हिशोब त्याच दिवशी होतो. लातूर जिल्ह्यानं तर हे फार पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा एका रात्रीत कितीतरी घरांतली माणसं गेली. नंतरच्या काळात दुष्काळ आणि कर्जापायी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी जीव दिले. मरणाऱ्याची बातमी होते. मागं राहिलेली बाई शेत बघते, कर्ज फेडते, पोरं शिकवते. आणि एवढं सगळं करून कार्यात मात्र तिनं मागच्या रांगेत बसायचं!

सिनेमात एक सुंदर जागा आहे. रात्रीची वेळ. अश्विन त्याच्या खोलीत आहे, रत्ना स्वयंपाकघराशेजारच्या तिच्या चिमुकल्या खोलीत. कॅमेरा सरकत सरकत मधली भिंत ओलांडतो आणि दोघं एकाच चित्रात दिसतात. मधे फक्त एक भिंत. दोघंही एकटी, दोघंही जागी. ती भिंत विटांची नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली आहे, हे आपल्याला कुणी न सांगता समजतं.

‘दुपारी दोन तास शिवण शिकायला जाऊ का?’

आता मुख्य गोष्ट. रत्नाला काय हवंय? लग्न? घर? पैसा? नाही. तिला शिवण शिकायचंय. नुसतं शिवण नाही, तिला फॅशन डिझायनर व्हायचंय. दुपारी काम नसताना शिकायला जाऊ का, अशी ती भीत भीत परवानगी विचारते. एका टेलरकडे जायला लागते, तर तो शिकवण्याऐवजी तिला वरकामालाच जुंपतो. हे बघताना आमच्यातली एक जण फसकन हसली. तिनंही लग्नाआधी क्लास लावला होता आणि पहिला महिनाभर काज-बटणंच केली होती! पण रत्ना तिथं अडकून पडत नाही. ते सोडते आणि रीतसर क्लास लावते. एका झगमगीत दुकानात नुसते कपडे बघायला शिरते, तर तिला हुसकावून लावतात. अंगावरच्या साडीवरून माणसाची किंमत करणारे लोक सगळीकडेच असतात. तिचा चेहरा पडतो, पण दुसऱ्या दिवशी ती परत कामाला आणि शिकायला हजर.

अश्विन तिला शिलाई मशीन घेऊन देतो. ती त्याच्या वाढदिवसाला स्वतःच्या हातानं शर्ट शिवते आणि तो तो शर्ट घालून ऑफिसला जातो. प्रेमाची कबुली म्हणून आपण सिनेमात काय काय पाहिलंय… डोंगर, बर्फ, पाऊस. इथं प्रेम म्हणजे एक शर्ट. ज्या बायकांनी मुलांच्या गणवेशाला रात्री बटणं लावलीत, त्यांना यातलं प्रेम सांगावं लागत नाही.

रत्नाचं काम करणाऱ्या तिलोत्तमा शोम या बंगाली आहेत, पण बघताना ते जाणवतच नाही. साडी खोचणं, जमिनीवर बसून जेवणं, मालक समोर आला की अंग चोरून उभं राहणं… सगळं आपल्यातल्या बाईसारखं. २००१ च्या ‘मॉन्सून वेडिंग’मध्येही त्यांनी घरकाम करणाऱ्या मुलीचंच काम केलं होतं. ‘सर’साठी त्यांना फिल्मफेअरचा समीक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. रत्नाची मैत्रीण लक्ष्मी झाल्यात आपल्या गीतांजली कुलकर्णी. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात ज्यांनी त्यांना सरकारी वकील म्हणून पाहिलं असेल, त्यांना ओळख पटेल. त्याच ‘कोर्ट’मधला वकील, विवेक गोम्बर, इथं अश्विन झालाय. सिनेमा हिंदीत असला तरी या दोघी मैत्रिणी आपसांत मराठीतच बोलतात, त्यामुळं परकं असं वाटत नाही.

तिचा नकार

पुढं जे व्हायचं ते होतंच. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत रत्ना मनसोक्त नाचते. अश्विन तिला बघतो. दोघं जवळ येतात. आमच्या खोलीत एकदम शांतता! शेजारची सून टीव्हीकडे बघेना आणि मावशी दुसरीकडे बघेनात.

हिंदी सिनेमात इथून पुढं काय होतं हे आपल्याला पाठ आहे. गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, चिडलेला बाप आणि शेवटी मंगलाष्टका. पण ही रत्ना शहाणी आहे. ती नाही म्हणते. तिचं त्याच्यावर प्रेम नाही म्हणून नव्हे. लोक आपल्याला काय म्हणतील, आपली काय जागा ठरवतील, हे तिला नेमकं ठाऊक आहे. त्याला लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. तिला मात्र जन्मभर एक नाव चिकटेल. त्याच्या घरात ती पगारावर आहे, त्याच्याच छपराखाली झोपते. तिथं ‘हो’ म्हणालो तरी ते मनापासूनचं ‘हो’ कसं असणार? ती काम सोडते. बॅग भरते आणि मुंबईतच राहणाऱ्या, लग्न झालेल्या बहिणीकडे जाते.

या बहिणीची गोष्टही बघण्यासारखी आहे. जिच्या शिक्षणासाठी रत्ना राबत होती, ती शिक्षण अर्धवट सोडून लग्नाला उभी राहते. तो रत्नाचा दुसरा अपेक्षाभंग. पण ती रुसून बसत नाही. आपली स्वप्नं आपणच पुरी करायची असतात, बहिणीच्या खांद्यावर ठेवून चालत नाहीत, हे तिला इथंच कळत असावं.

१९८२ च्या ‘उंबरठा’मधली स्मिता पाटीलची सुलभा घराबाहेर पडली होती. तिच्यामागं शिक्षण होतं, चांगलं घर होतं. १९९५ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘दोघी’ केला. त्यातल्या गौरीच्या लग्नाच्याच दिवशी अपघातात सगळं संपतं आणि तिला मुंबईला पाठवलं जातं. तिथं तिच्या वाट्याला काय येतं, ते बघवत नाही. गौरीची मुंबई तिला गिळून टाकते. रत्नाची मुंबईही दयाळू नाही, पण तिथं तिला दुपारचे दोन तास मिळतात. त्या दोन तासांवर ती स्वतःला उभी करते. मला वाटतं, फरक तेवढाच आहे. आणि तो फार मोठा आहे.

एक मात्र खटकतं, तेही सांगते. पुढं रत्नाला एका फॅशन डिझायनरकडे नोकरी मिळते, ती अश्विनच्या ओळखीनं. प्रत्येक रत्नाला असा भला अश्विन भेटतो थोडाच! आपल्याच तालुक्यातून मुंबई-पुण्याला धुण्याभांड्याला गेलेल्या बायका काय काय सोसतात, ते त्यांना विचारा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला, पण कितीजणींना तो माहीत आहे? तरीही एक गोष्ट खरी. ओळख अश्विनची असली तरी शिवता येणारे हात रत्नाचेच होते. हुनर नसता तर ओळख काय कामाची?

आणि ते नाव…

शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सबंध सिनेमाभर रत्ना त्याला ‘सर’ म्हणते. मला सर म्हणू नकोस, असं तो सांगून बघतो, पण तिच्या तोंडून नाव निघत नाही. शेवटी तो अमेरिकेला निघून गेलाय. नोकरी मिळाल्यावर ती त्या घराकडे येते, तर दाराला कुलूप. ती गच्चीवर जाऊन उभी राहते. फोन वाजतो. पलीकडे तोच. ती क्षणभर गप्प. आणि मग म्हणते, अश्विन.

संपला सिनेमा!

आम्ही पाचजणी एकमेकींकडे बघत राहिलो. ‘पुढं काय झालं गं?’ मावशींनी विचारलं. पुतणी हसली, ‘काकू, पुढं काही नाही. नाव घेतलं की तिनं!’

आणि ‘नाव घेतलं’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडे नाव घेणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला माहीत! वर्षभर ‘अहो’, ‘हे’, ‘आमचे मालक’, ‘बंटीचे पप्पा’ म्हणायचं आणि हळदीकुंकवाला उखाण्यात लपवून एकदा नाव घ्यायचं. तेही पुढून आग्रह झाला तर. नाव घेता येणं म्हणजे बरोबरीनं उभं राहता येणं. रत्नानं ते नाव पगारावर असताना घेतलं नाही. स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि मगच घेतलं. पुढं त्यांचं लग्न होवो न होवो. स्वतःला सापडणं म्हणतात ते हेच असावं.

आपल्या दारातली रत्ना

सिनेमा संपल्यावर मला आमच्या शिवणवाल्या बाई आठवल्या नसत्या तरच नवल. मी विषय काढला, ‘यंदा त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं का?’ लगेच एकमत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. एक म्हणाली, ‘सासूबाईंना चालणार नाही.’ दुसरी म्हणाली, ‘त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.’ आणि मावशी, ज्यांचे डोळे मघाशी भरून आले होते, त्या म्हणाल्या, ‘सिनेमा निराळा बाई, आन् घर निराळं.’

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे प्रकार होणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही असंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनीसुद्धा ठराव करावा लागतो, यातच सगळं आलं. ठराव ग्रामपंचायत करील. पण दार आपल्यालाच उघडावं लागेल ना?

मी दुसऱ्या दिवशी गेले. ब्लाउज न्यायचं निमित्त होतंच. चाचरत म्हणाले, ‘बाई, शनिवारी हळदीकुंकू आहे. तुम्ही यायचं बरं का.’ त्यांचं पायडल थांबलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग दोरा तोडत म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही म्हणलात, पोचलं. पण मी यंदा येत नाही. मला बघून चारजणी उठून गेल्या तर तुमचा सण नासतो, आन् माझंबी मन. त्यापरीस एक करा. तुमच्या पुतणीला सुट्टीत माझ्याकडं शिकायला धाडा. दुकानावर पाटी लावावं म्हणू लाले, शिवणक्लासची.’

‘लावा की! कुणाच्या नावानं लावणार?’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच थबकले. इतक्या वर्षांत मला या बाईंचं नाव माहीत नव्हतं. आम्ही सगळ्या त्यांना ‘शिवणवाल्या बाई’ म्हणतो. त्याआधी त्या ‘अमक्याची बायको’ होत्या. माझ्या अंगावरचा प्रत्येक ब्लाउज ज्यांनी शिवला, त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं!

विचारलं. त्यांनी सांगितलं, थोडं लाजून. ते इथं छापत नाही, कारण त्या म्हणाल्या, ‘पेपरात नका घालू ताई. आधी पाटीवर येऊ द्या.’

शनिवारी त्या आल्या नाहीत. पण वाण घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तिळगूळ दिला, त्यांनी घेतला. हळदीकुंकवाची वाटी मी पुढं केली. त्यांनी हळद लावून घेतली, कुंकवाला मात्र हात आडवा केला. मी आग्रह केला नाही. कधी हो म्हणायचं, ते त्यांनी ठरवायचं.

पाटी अजून रंगवायला दिलेली आहे. पुतणीनं सुट्टीचे बाकी दिवस तिथं काज-बटणं केली आणि कुरकुरत कटोरी ब्लाउज कापायलाही शिकली. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच, जिचं दार आपण गाळतो. हा सिनेमा मिळाला तर जरूर बघा. नाहीच मिळाला, तर निदान तिचं नाव तरी विचारा.